चेष्टेचं नातं

बुर्किना फासोतल्या त्या गावचा हापसा दोन वर्षं बंद होता आणि एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं. नवे प्रशासक, सामो जमातीचे तोए साहेब गावसभेला आले, तेव्हा मासेनी म्हातारी सगळ्यांदेखत उठून उभी राहिली.

"ए सामो! तुझा आजा आमच्या दारी कुत्र्याचं मुंडकं मागायला यायचा. त्याच्या नातवाला खुर्ची कुणी दिली रे?"

साहेबांनी आधी डोळे वटारले, मग ते खदाखदा हसले. सामो आणि मोसी या दोन जमातींचं पूर्वापार चेष्टेचं नातं: सामोंना कुत्री खाण्यावरून, मोसींना गाढवांवरून चिडवायचं, एकमेकांना गुलाम म्हणायचं; मोसीनं कितीही शिव्या घातल्या तरी सामोनं रागवायचं नसतं.

"मोसी म्हातारे, गाढवावरनं पडलीस वाटतं! बोल, काय हवंय?"

"पाणी! माझा गुलाम असून मलाच कोसभर पाण्याला पाठवतोस, लाज नाही वाटत?"

साहेबांनी हसतहसत तिथल्या तिथे दुरुस्तीच्या कागदावर सही केली.

घरी जाताना सुनेनं भीतभीत विचारलं, "आई, आपण तर बोबो जमातीचे. मोसी कधी झालो?"

"हळू बोल गं," म्हातारी म्हणाली, "हापसा सुरू होईपर्यंत मोसीच आहोत."