तांदळावरचं नाव

नवरीबरोबर तिच्या माहेरचा संगणक पाठवायची पद्धत आता सगळीकडे रुळली होती. सासरच्या नेटवर्कमध्ये घेण्याआधी त्याचं नाव बदलायचं, म्हणून सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ‘श्रीधाम’ लिहिलं. संगणक जोडायला आलेल्या माणसानं ते त्यात टाकलं.

“आता ‘बकुळ’ हे जुनं नाव पुसतो,” तो म्हणाला. “यापुढे त्या नावानं कुणी हाक मारली, तर असं इथं कुणी नाही, एवढंच उत्तर जाईल.”

माहेरी वडील रोज संध्याकाळी बकुळलाच हाक मारून लेकीची चौकशी करणार होते. लेक कालपर्यंत यामिनी होती. काल नवऱ्यानं याच ताटात तिचं नवं नाव लिहिल्यापासून सगळे तिला मधुरा म्हणत होते.

“दोन्ही नावं ठेवता येतात का?” तिनं विचारलं.

“संगणकाची येतात, वहिनी.”