मन हलकं झालं की

मेंदूच्या लहरींना वळण लावून उदासी घालवतात, अशा एका केंद्रात मी धाकट्या भावाला नेलं. यंत्राच्या तारा बघून तो घाबरला, म्हणून तिथल्या बाईंनी त्या आधी माझ्याच डोक्याला चिकटवून दाखवल्या. म्हणाल्या, "मन हलकं झालं की टिंग वाजेल."

माझ्या वेळी वाजलं नाही. त्याच्याही नाही.

घरी आल्यावर माझ्या हातून बशी फुटली.

टिंग.

"ताई, ऐकलंस?" भाऊ अंथरुणात उठून बसला. कित्येक महिन्यांनी तो रडगाण्याखेरीज काही बोलला होता.

मी दुसरी बशी मुद्दाम आपटली. टिंग. मग हातोडी घेऊन आरसा फोडला, टीव्ही फोडला, खिडक्या फोडल्या. भाऊ लहानपणीसारखा टाळ्या पिटत होता. माझा तळवा चिरला होता, पण अंग पिसासारखं झालं होतं.

फोडायला काही उरलं नाही, तसा आवाज थांबला.

"माझं काही खरं नाही, ताई," म्हणत तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला.

हे रडगाणं ऐकून माझे कान किटले होते. मी त्याच्या डोक्यावर हातोडी उचलली. नुसती उचलली.

टिंग. टिंग. टिंग. टिंग.

"वाजतंय!" तो भिंतीकडे बघतच आनंदाने म्हणाला. "ताई, थांबू नकोस."