बाहेरची बॅटरी

घशाच्या ऑपरेशनआधी माझ्या बायकोचा, प्रेमाचा, आवाज भरून घेतला होता. त्यामुळे आवाज गेल्यावर ती टाइप करायची आणि हातातलं यंत्र तिच्याच आवाजात बोलायचं. परवा त्याची बॅटरी गेली. कंपनीचं मुंबईतलं केंद्र केव्हाच बंद झालंय, म्हणून आम्ही दोघं चारकोप मार्केटमधल्या केतनच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

"काका, नवी बॅटरी टाकली, पण आत कंपनीचं लॉक आहे. बाहेरची बॅटरी कळली की मशीन अडून बसतं."

"मग लॉक काढ ना."

"काढता येईल हो. पण कंपनीची नोटीस आली तर माझी वाट लागेल. मागे कसं काढायचं ते नुसतं व्हिडिओत सांगितलं, तर व्हिडिओच उडवला त्यांनी."

"अरे, पण यंत्र आम्ही विकत घेतलंय."

"डबा विकत घेतलाय, काका. आतलं सगळं त्यांचंच."

मी काउंटरवरचं यंत्र उचललं. प्रेमानं यंत्र माझ्या हातातून घेतलं, 'अहो, राहू द्या, घरी चला' असं टाइप केलं आणि बटण दाबलं.

"कृपया अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा," यंत्र म्हणालं.

आवाज प्रेमाचाच होता. पण चाळीस वर्षांत तिनं मला 'कृपया' असं कधी म्हटलं नव्हतं.