ऐकायचा फोटो

विद्यापीठाच्या इतिहास विभागाची नवी वेबसाइट आसावरीने उभी केली होती. विभागप्रमुखांनी उद्घाटनाचं क्लिक करायचं तेवढं बाकी होतं. इतक्यात कानातला इअरफोन काढत विभागातले प्राध्यापक पद्मनाभ सर म्हणाले, "ही तर नुसतंच 'फोटो, फोटो' म्हणते!" सरांना दिसत नसे, फोन त्यांना वेबसाइट वाचून दाखवी. जुन्या साइटवर प्रत्येक फोटोमागे ऑफिसातल्या शिवलीला अक्कांनी त्यांच्यासाठी वर्णन लिहिलेलं असे, फक्त ऐकू येणारं. साइट हलवताना आसावरीने ती वर्णनं कचरा समजून गाळली होती. ती वरमली. "आज नको सर," तिने प्रमुखांना सांगितलं आणि आपली खुर्ची अक्कांना दिली. "सरी, स्वल्प थांबा," असं आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत अक्कांनी सकाळच्याच ग्रुप फोटोमागे काहीतरी टाइप केलं. सरांनी पुन्हा इअरफोन घातला. ऐकता ऐकता ते हसले आणि वरखाली लागलेली शर्टाची बटणं गुपचूप नीट लावू लागले.