बाईंनंतर दुकान कुणाचं?

जावयाला गोड बोलायचा आजार जडला, तेव्हाच बाई सावध झाल्या. एरवी सासू दिसली की मोबाइलमध्ये डोकं खुपसणारा हा माणूस हल्ली ऑफिस सुटलं की थेट पडद्यांच्या दुकानात हजर. आला की गल्ल्यामागच्या गादीच्या खुर्चीत ऐसपैस बसायचा. बाई स्वतः त्या खुर्चीत कधी टेकायच्या नाहीत, त्यांची जागा मशीनपुढचं स्टूल. आणि हा मात्र तिथून कापडाच्या ताग्यांवर अशी नजर फिरवायचा, जशी मांजर दुधाच्या पातेल्यावर फिरवते.

"आई, किती राबणार? आता आराम करा."

"आराम केला की हाडं गंजतात," बाई बॉबिन भरत म्हणाल्या. "तुमचीच तब्येत सांभाळा. साखर फार झालीय."

लेक कापड बेतता बेतता हसली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर खो खो सुटली असती.

बाईंना घोर होता तो या गोडव्याचाच. तरुणपणी त्यांना मिठाच्या पुडीसाठीही नवऱ्यापुढे हात पसरावा लागला होता. शाळा दुसरीपर्यंत, पण कापडाला कात्री लावायला शाळा लागत नाही. एका जुन्या मशीनवर सुरू केलेल्या दुकानाचं आज चौकात नाव होतं. ते लेकीच्या हातात राहावं, पुढे नातीच्या हातात जावं, मध्येच कुठल्या पुरुषाच्या खिशात पडू नये, एवढंच त्यांचं मागणं. पण लेक पडली मऊ. नवऱ्यानं लाडात हाक मारली की लोण्यासारखी पाघळायची.

"अगं, उद्या दुपारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय," बाई लेकीला म्हणाल्या. "जाऊ ना?"

"जा. पण हॉटेलचे पडदे आधी हातावेगळे कर."

जावई खुर्चीतून ताठ झाला. "आईशी असं बोलतात? दुकान कुणाचं आणि रुबाब कुणाचा!"

"लहानपणी लाडावून ठेवली ना, भोगतेय आता," बाई म्हणाल्या.

जावयानं खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला. "पण आई, तुमच्या माघारी दुकानाचं काय, याचा विचार केलाय कधी?"

"केव्हाच केलाय. सोय लावून ठेवलीय."

जावयाचा चेहरा असा फुलला की बाईंना दिवा मालवावासा वाटला. त्या दिवसापासून गडी अंग मोडून कामाला लागला. शिडी धरली, तागे लावले, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन दांड्या ठोकल्या. चुण्या तर अशा सारख्या पाडायचा की कारागीर बायकाही बघत राहायच्या. 'मेल्याच्या हाताला वळण आहे,' बाईंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तेवढ्यानं घोर मात्र कमी झाला नाही.

आणि एका संध्याकाळी, हात झटकत, तो बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"आई, स्पष्टच बोलतो. मी नोकरी सोडतो. दुकान माझ्या नावावर करून टाका. ही घरी बसेल, मी सगळं बघतो. हिला व्यवहारातलं काय कळतं?" मग बायकोकडे वळून, मधात घोळवल्यासारखं, "हो की नाही गं, राणी?"

मशीनं थांबली. कारागीर बायकांनी कान टवकारले. बाईंनी लेकीकडे पाहिलं. आता ही पाघळली तर इतक्या वर्षांचं मुसळ केरात.

लेकीनं तोंडातली एकेक टाचणी काढून उशीत खोचली. नवऱ्याकडे नीट पाहिलं. मग आईकडे बघून म्हणाली, "सांग गं त्यांना. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा चढवला.

"जावईबापू, पडदे झकास लावता. तुम्हाला कामावर ठेवायला माझी ना नाही. पण ते माझ्या हातात नाही. तुमच्या लग्नाच्या आधीपासून मीच इथे पगारावर आहे. मालकिणीला विचारा. रोज रात्री तुमच्याच शेजारी घोरते ती."