पालथी सोंगटी

“काय मारलंत, जावईबापू?” बिवलकरांनी लाडात विचारलं.

निनादच्या मुठीत त्यांची लाकडी सोंगटी होती आणि पोटात शंका. तासभर ‘मिस्टर देवल’ म्हणणारा माणूस एकदम जावईबापूंवर कसा आला? मुलगी बघायला आलेल्याला पोह्यांआधी चिनी बुद्धिबळाला बसवणं हेच मुळात संशयास्पद. त्यातून हा तऱ्हेवाईक प्रकार, बिवलकरांनी शांघायच्या नोकरीतून आणलेला. सेनापती सोडून सगळ्या सोंगट्या मिसळून पालथ्या मांडायच्या. पालथी सोंगटी मारली, तर ती रथ होती की प्यादं, हे मारणाऱ्याने एकट्याने बघायचं आणि गप्प बसायचं.

“सांगायचं नसतं ना, काका? नियम तुमचाच.”

“घरच्या घरात कसले नियम! सांगून टाका, लगेच मुहूर्त काढतो.”

निनादने बिवलकरांच्या मुलीकडे, सानिकाकडे पाहिलं. तिला तो आवडला होता. ती डोळ्यांनीच ‘सांगा की’ म्हणत होती. म्हातारा सौदा करतोय की सापळा लावतोय? काही कळेना. मुलगी हातची जायचीच असेल तर निदान लबाडीने नको, म्हणून त्याने मूठ खिशात घातली.

“डाव संपल्यावर सांगेन.”

बिवलकरांचा चेहरा उतरला. त्यांनी डाव अर्धवट सोडून पट गुंडाळला. स्थळ हातचं गेलं असं समजून निनाद उठला.

“अगं, साखर आण!” बिवलकर आत बघून ओरडले. “आधीच्या दोन्ही स्थळांनी विचारताक्षणी सांगितलं होतं. असल्यांच्या पोटात घरातली गोष्ट राहील का?”

“आणि त्या दोघांची फजिती सोसायटीभर कुणी सांगितली?” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.