डांड्याची सायकल

सायकलवाल्या शाकिरनं चेन ताणणारी स्प्रिंगची पट्टी लेडीज सायकलच्या फ्रेमला आवळली, हातानं पायडल फिरवलं आणि चेन ताठ झाली. "बसली," तो म्हणाला. पण समताकडे त्यानं पाहिलं नाही.

समताच्या हनवटीवर अजून पट्टी होती. मोताळ्याच्या रस्त्याला उतारावर चेन पडली, पायडल पायाखालून सटकलं आणि ती तोंडावर आपटली. स्प्रिंग तेव्हाही नवीच होती. सायकल मुळात गिअरची. गिअर खराब झाले तसे काढून टाकले. पण अशा सायकलीला मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच उभी असते, चाक मागे ओढून चेन ताणायची सोय नाही. एक कडी काढली तर चेन पुरत नाही, ठेवली तर लोंबते. मग लावा स्प्रिंग. आणि खड्डा आला की ही स्प्रिंग हात वर करणार!

"मले हे नाई पाहिजे," समता म्हणाली. "बाबाची दे."

बाबांची सायकल तिनंच सकाळी गोठ्यातून ओढत दुकानात आणली होती. काळी, जड, आडव्या खाचेची. चाक मागे सरकवा, दोन्हीकडचे नट आवळा, विषय संपला. शाकिरनं तिला नवी चेनही टाकून ठेवली होती. खोट एकच, सीटपासून हँडलपर्यंत आडवा डांडा.

"डोकं फिरलं का तुयं?" संघपाल कडाडला. तो तिचा थोरला भाऊ. स्प्रिंगचा हुकूम त्याचाच. "डांड्याच्या सायकलवर टांग मारून बसस्टँडवरून जाशीन? लोक काय म्हनतीन?"

"दादा, चेन पुन्हा पडली तं?"

"सांभाळून चालवाव. नाई तं सोड ते काम. घरी बस."

समताच्या अंगाची लाही लाही झाली. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचं काम तिनं स्वतः जाऊन मिळवलं होतं. उद्या ती गेली नाही तर शेठ दुसरी बाई ठेवणार होता, आणि कामाच्या वेळेला गावातून बस नव्हती. हे सगळं संघपालला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून तो घरी बस म्हणत होता.

तिनं ती स्प्रिंगची लेडीज सायकल उचलली आणि त्याच्या पुढ्यात आणून उभी केली.

"तूच म्हनतं ना मजबूत हाय? मंग उतारावरून एक चक्कर मारून आन. चेन नाई पडली तं मी हेच नेतो."

"मी?" संघपाल एक पाऊल मागे सरला. "लेडीज सायकलवर?"

समोरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी खाकरलं. शाकिरला एकाएकी पान्यांचा डबा आवरायची आठवण झाली.

"काऊन? भरोसा नाई का?"

"तसं नाई. लोक हासतीन ना."

"मायी हनवटी फुटली ते चालते," समता म्हणाली. "तुले कोनी हासलं नाई पाहिजे."

तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली, बाबांची सायकल रस्त्यावर घेतली आणि भर बाजारात डांड्यावरून टांग टाकली. पहिल्या दोन पायडलना सायकल डगमगली. कुणीतरी शिट्टी मारली. तिनं मान वळवली नाही. बसस्टँडच्या वळणापर्यंत ती सरळ, जोरात गेली आणि दिसेनाशी झाली.

संघपाल लेडीज सायकलचं हँडल धरून तसाच उभा.

"बसून जाय ना, संघपालभाऊ," शाकिर हळूच म्हणाला. "घरापावतर काई होत नाई या चेनले."

संघपालनं टपरीकडे एकदा पाहिलं. मग सायकल हातानं ढकलत तो पायीच निघाला. ऊन चांगलंच चढलं होतं आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. चेन जागच्या जागी होती.

वाटेत दुसऱ्या टपरीवर बसलेल्या उकंडरावांनी हटकलं, "काऊन रे संघपाल, चेन पडली का?"

"हाव," संघपाल खाली पाहत म्हणाला. "पडली."